एकच फाइल, तीन आर्किटेक्चर: मुंबईतल्या अभ्यासिकांसाठी केलेल्या पॅकेज-विभागणीचं प्रकरण

लालबाग, नायगाव, भांडुप अशा वस्त्यांत अभ्यासिका अजून भरलेल्या असतात. चाळीतल्या एका खोलीत पाच-सहा माणसं असताना दहावी-बारावीची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी घरी करणं कठीण जातं, म्हणून मुलं रात्री तिथे येऊन बसतात. अशा काही अभ्यासिकांना संगणक पुरवणारी एक छोटी संस्था दादरला आहे. हे प्रकरण तिच्या एका प्रोग्रॅमच्या पॅकेजिंगचं आहे.

प्रोग्रॅम मराठी-इंग्रजी शब्दकोशाचा. शब्द टाकला की अर्थ, चित्र आणि उच्चार मिळतो. या लेखापुरतं त्याला ‘कोश’ म्हणू. तो सी++ मध्ये लिहिलेला आहे आणि डेबियन १२ या लिनक्स प्रणालीवर चालतो. संगणक मात्र तीन तऱ्हांचे, म्हणजे तीन आर्किटेक्चरचे (प्रोसेसरच्या जातींचे) आहेत. कार्यालयांनी वापरून दिलेले ६४ बिटी डेस्कटॉप म्हणजे एएमडी६४. त्याहून जुने, पण अजून धडधाकट असलेले ३२ बिटी डेस्कटॉप म्हणजे आय३८६. आणि टेबलावर जागाच नाही तिथे मॉनिटरच्या मागे चिकटवलेले रास्पबेरी पाय हे चिमुकले संगणक (पुढे नुसतं ‘पाय’), म्हणजे एआरएम६४.

सुरुवातीला सोर्स पॅकेज (मूळ कोडचं) एक आणि त्यातून निघणारं, यंत्रावर बसवायचं बायनरी पॅकेजही एकच होतं. पॅकेजचं वर्णन असलेल्या कंट्रोल फाइलमध्ये ‘आर्किटेक्चर: एनी’ लिहिलेलं, म्हणजे प्रत्येक आर्किटेक्चरसाठी वेगळं बिल्ड करायचं. प्रोग्रॅम जेमतेम काही एमबीचा, पण त्याच्यासोबत जाणाऱ्या ओपस ध्वनिफाइली, पीएनजी चित्रं आणि अर्थांचा मजकूर मिळून अर्ध्या जीबीच्या वर. तीन आर्किटेक्चर, म्हणून तेच ध्वनी तीनदा पॅक व्हायचे, सर्व्हरवर तीनदा साठायचे. बहुतेक अभ्यासिकांमध्ये इंटरनेट म्हणजे कुणातरी कार्यकर्त्याच्या फोनचा हॉटस्पॉट. एका ओळीची दुरुस्ती केली तरी तिथे सगळे ध्वनी पुन्हा उतरवावे लागत. शेवटी एकजण पेन ड्राइव्ह घेऊन लोकलने भांडुपला जायचा.

पॅकेजं तपासणाऱ्या लिंटियन या डेबियनच्या साधनाने याबद्दल इशारा कसा दिला नाही, हा प्रश्न तेव्हा निघाला. आर्किटेक्चरवर अवलंबून असलेल्या पॅकेजात ‘/यूएसआर/शेअर’ फार मोठं झालं की लिंटियन तसं सांगतं. पण कोशाचे ध्वनी ‘/यूएसआर/लिब/कोश’ खाली होते, त्यामुळे तपासणीच्या नजरेतच आले नाहीत. फाइलसिस्टीम हायरार्की स्टँडर्डची ३.० आवृत्ती २०१५ ची आहे, पण हा नियम त्याआधीपासूनचा आहे: यंत्राच्या प्रकारावर अवलंबून नसलेला, फक्त वाचायचा डेटा ‘/यूएसआर/शेअर’ मध्ये आणि कंपाइल केलेल्या वस्तू ‘/यूएसआर/लिब’ मध्ये. उपाय उघड होता. ‘कोश’ हे पॅकेज ‘एनी’ ठेवायचं आणि ‘कोश-डेटा’ नावाचं नवं पॅकेज ‘आर्किटेक्चर: ऑल’ म्हणून काढायचं.

‘ऑल’ पॅकेज एकदाच बिल्ड होतं. रिपॉझिटरीच्या (सर्व्हरवरच्या पॅकेज-साठ्याच्या) पूलमध्ये त्याची एकच फाइल राहते आणि प्रत्येक आर्किटेक्चरच्या पॅकेज-यादीत तिचीच नोंद येते. संस्थेच्या स्वयंसेवक प्रोग्रॅमरने सगळा डेटा ‘/यूएसआर/शेअर/कोश’ मध्ये हलवला, दोन इन्स्टॉल फाइली लिहिल्या, आणि एएमडी६४ च्या यंत्रावर दोन्ही पॅकेजं बिल्ड केली. मग आय३८६ आणि एआरएम६४ साठी फक्त ‘कोश’ बिल्ड केलं. डीपीकेजी-बिल्डपॅकेज या बिल्ड करणाऱ्या आदेशाला नुसतं ‘ऑल’ किंवा नुसतं ‘एनी’ बिल्ड करायला सांगता येतं, तेच इथे वापरलं.

भांडुपहून आलेला फोन

नवी आवृत्ती गेल्यावर ६४ बिटी डेस्कटॉपवर सगळं ठीक चाललं. ३२ बिटी यंत्रांवर कोश उघडेचना. अनुक्रमणिकेची फाइल खराब आहे असा संदेश देऊन बंद पडायचा. पाय असलेल्या अभ्यासिकांमधून काहीच तक्रार नव्हती. मग भांडुपची एक मुलगी, जी तिथले पाय संगणक बघते, तिचा फोन आला: “दादा, कोश चालू होतो, पण इंग्रजी शब्द सापडतात आणि मराठी एकही सापडत नाही.”

हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. तिने बिघाडाची नेमकी सीमारेषा सांगितली होती. पण संस्थेतल्या सगळ्यांचं लक्ष आधी नेहमीच्या संशयितांकडे गेलं: इनस्क्रिप्ट कळफलक, आयबस ही टंकन-व्यवस्था, लोहित फॉन्ट. मराठी दिसत नाही किंवा टाइप होत नाही अशा तक्रारी इतक्या येतात की मन आपोआप तिकडे वळतं. तिथे काहीच सापडलं नाही. शब्द पडद्यावर नीट उमटत होता आणि त्याचे बाइट्सही बरोबर होते.

दोन्ही बिघाड ज्या फाइलीतून आले ती डेटाचा अगदी लहान भाग होती, शब्दांची अनुक्रमणिका. बिल्डच्या वेळी एक छोटा सहायक प्रोग्रॅम सगळे शब्द वाचायचा, प्रत्येकाचा हॅश (शब्दाच्या बाइट्सवरून येणारा आकडा) काढायचा आणि सी++ चं स्ट्रक्चर, म्हणजे नोंदीची मेमरीतली मांडणी, जशीच्या तशी डिस्कवर लिहायचा. कोश चालू झाला की तीच फाइल मेमरीत मॅप करायचा.

विभागणीआधी हे चालत होतं, कारण प्रत्येक आर्किटेक्चरचं पॅकेज त्याच आर्किटेक्चरवर बिल्ड व्हायचं. लिहिणारा आणि वाचणारा एकाच जातीच्या यंत्रावरचे असायचे. ‘ऑल’ झाल्यावर लिहिणारा कायम एएमडी६४ आणि वाचणारा तिघांपैकी कुणीही. अनुक्रमणिका पहिल्यापासून यंत्राला बांधलेली होती. विभागणीमुळे ते उघड झालं.

३२ बिटी यंत्रावरचं कारण लगेच सापडलं. स्ट्रक्चरमध्ये दोन ‘लाँग’ आणि एक ‘इंट’ (दोन्ही पूर्णांकांचे प्रकार) होता. लिनक्सवर एएमडी६४ मध्ये ‘लाँग’ ८ बाइटचा, आय३८६ मध्ये ४ बाइटचा. त्यामुळे तीच नोंद पहिल्यावर शेवटच्या ४ बाइटच्या भरणीसह (रिकाम्या जागेसह) २४ बाइट घेते आणि दुसऱ्यावर १२. फाइलीचा आकार नोंदींच्या संख्येशी जुळत नव्हता, प्रोग्रॅमच्या ते ध्यानात आलं आणि तो थांबला. थांबला हे उत्तमच झालं.

पायचं कोडं अवघड होतं. एआरएम६४ वर ‘लाँग’ ८ बाइटचाच, बाइट्सचा क्रम एएमडी६४ सारखाच लिटल-एंडियन (आकड्याचा लहान भाग आधी), स्ट्रक्चरमधली भरणीही तीच. फाइलीचा आकार जुळत होता, इंग्रजी शब्द सापडत होते. मग एकच शब्द घेतला, ‘घर’, आणि त्याचा हॅश दोन्ही यंत्रांवर छापला. आकडे वेगळे आले.

युनिकोडमध्ये देवनागरीचा मुख्य गट असा आहे की यूटीएफ-८ मध्ये त्यातलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट्स घेतं, आणि ते तिन्ही बाइट्स १२८ किंवा त्याहून मोठे असतात. ‘घ’ म्हणजे २२४, १६४, १५२. ‘र’ म्हणजे २२४, १६४, १७६. हॅशचं सूत्र साधं होतं: आधीची बेरीज गुणिले ३३, अधिक पुढचा बाइट. हा बाइट ‘कॅर’ या एक बाइटच्या प्रकारात धरलेला. सी आणि सी++ ची प्रमाणं ‘कॅर’ चिन्हासह की बिनचिन्हाचा हे ठरवत नाहीत, ते प्लॅटफॉर्मवर सोडतात. एक्स८६ च्या लिनक्सवर तो चिन्हासह धरला जातो आणि एआरएमच्या लिनक्सवर बिनचिन्हाचा. म्हणजे ‘घ’चे तीन बाइट्स पायवर २२४, १६४, १५२ राहतात, तर डेस्कटॉपवर उणे ३२, उणे ९२, उणे १०४ होतात. बेरीज वेगळी, हॅश वेगळा, शब्द भलत्याच खणात शोधला जातो. इंग्रजी अक्षरांचे बाइट्स १२८ च्या खाली असल्याने त्यांना दोन्हीकडे एकच किंमत मिळते.

इंग्रजी शब्दांवर चाचणी घेणाऱ्या माणसाला हा दोष कधीच दिसला नसता. भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॅर’ वर चालणारं कुठलंही गणित मी तेव्हापासून संशयाने वाचतो, आणि प्रत्येक मराठी प्रोग्रॅमरने तसं वाचावं असं मला मनापासून वाटतं.

ऑल कशाला म्हणायचं

ध्वनी आणि चित्रांना काहीच का झालं नाही? ओपसच्या फाइली ऑग डब्यात असतात आणि ऑगच्या व्याख्येत आकडे लिटल-एंडियन लिहायचे असं ठरलेलं आहे. पीएनजीत ते बिग-एंडियन (मोठा भाग आधी) आहेत, ट्रूटाइप फॉन्टमध्येही बिग-एंडियन. गेटटेक्स्टच्या भाषांतर फाइली दोन्ही क्रमांत असू शकतात, पण सुरुवातीच्या ठरलेल्या आकड्यावरून वाचणाऱ्याला क्रम कळतो. या सगळ्या बायनरी फाइलीच आहेत. त्यांची रचना कागदावर ठरलेली आहे, यंत्राने ठरवलेली नाही, म्हणून त्या ‘ऑल’ पॅकेजात निर्धास्त जातात. कोशाच्या अनुक्रमणिकेची रचना कुठेही लिहिलेली नव्हती. कंपायलर करेल ती रचना.

डिरेक्टरीवरूनही हे ठरत नाही. शुद्ध पायथनचे मॉड्यूल डेबियनमध्ये ‘/यूएसआर/लिब/पायथन३’ खाली जातात, सिस्टमडीच्या युनिट फाइली ‘/यूएसआर/लिब/सिस्टमडी’ खाली, तरी दोन्ही सगळ्या यंत्रांवर सारख्याच. उलट, ‘/यूएसआर/शेअर’ मध्ये ठेवल्याने अनुक्रमणिका सार्वत्रिक झाली नाही.

दुरुस्तीचे चार मार्ग समोर होते. अनुक्रमणिका पुन्हा ‘एनी’ पॅकेजात, त्या-त्या आर्किटेक्चरच्या लिब डिरेक्टरीत नेणं हा सगळ्यात सोपा. ती काही एमबीचीच होती, त्यामुळे डाउनलोडचं नुकसान फारसं नव्हतं, पण दोष तसाच झाकलेला राहिला असता. दुसरा, पॅकेज बसवल्यावर चालणाऱ्या पोस्टइन्स्ट या स्क्रिप्टमधून ती प्रत्येक यंत्रावर तयार करून ‘/व्हार/कॅश’ मध्ये ठेवणं. यात प्रत्येक जुन्या डेस्कटॉपला ते काम करावं लागतं, पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीला त्या फाइलीची माहिती नसते, आणि पॅकेज काढताना ती आठवणीने पुसावी लागते. तिसरा एसक्यूलाइट. त्याच्या डेटाबेस फाइलीची रचना सगळ्या यंत्रांवर सारखी असते आणि ती पूर्णपणे लिहून ठेवलेली आहे. मी याच बाजूचा होतो, आजही आहे. पण प्रोग्रॅमरला मेमरी मॅपिंगचा वेग सोडायचा नव्हता आणि जुन्या यंत्रांवर त्याचं म्हणणं रास्त होतं. म्हणून चौथा मार्ग निवडला: अनुक्रमणिकेची रचना स्वतः ठरवून लिहून काढणं. सुरुवातीला ओळखीचे चार बाइट्स आणि रचनेचा क्रमांक, मग ठरलेल्या ३२ बिटी बिनचिन्ही आकड्यांच्या नोंदी, त्या बाइट-बाइट करून लिटल-एंडियन क्रमात लिहिलेल्या. हॅश काढताना प्रत्येक बाइट स्पष्टपणे आठ बिटी बिनचिन्ही धरलेला.

तपासणी कशी केली हे सांगण्यासारखं आहे, कारण तिच्यासाठी रास्पबेरी पाय लागत नाही. अनुक्रमणिका बनवणारा सहायक प्रोग्रॅम एएमडी६४ वरच तीनदा कंपाइल करायचा: एकदा नेहमीसारखा, एकदा ‘कॅर’ बिनचिन्हाचा धरायला सांगणाऱ्या पर्यायासह, एकदा ३२ बिटीसाठी. तिघांकडून अनुक्रमणिका लिहून घ्यायची आणि बाइट-बाइट ताडून पाहायची. एक बाइट जरी वेगळा आला तरी बिल्ड तिथेच थांबवायचा. शिवाय एक छोटी नमुना अनुक्रमणिका सोर्समध्येच ठेवली. ‘एनी’ पॅकेज ज्या आर्किटेक्चरवर बिल्ड होतं तिथे तो नमुना वाचून ‘घर’, ‘ज्ञान’, ‘ऋतू’ हे शब्द सापडतात का हे पाहिलं जातं. वाचणारी बाजू अशी प्रत्येक यंत्रावर तपासली जाते. एस३९०एक्स हे डेबियनचं बिग-एंडियन आर्किटेक्चर मुंबईतल्या कुठल्याही अभ्यासिकेत नाही, तरी क्यूईएमयू या दुसऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमखाली त्यावरही नमुना वाचून घेतला.

फेडोरासारख्या लिनक्समध्ये चालणाऱ्या आरपीएम पॅकेजांच्या जगात ‘ऑल’ लाच ‘नोआर्क’ म्हणतात. तिथे एखादं उप-पॅकेजच फक्त नोआर्क करता येतं आणि मूळ सोर्स प्रत्येक आर्किटेक्चरवर बिल्ड होतं. त्यामुळे नोआर्क पॅकेजही अनेक यंत्रांवर तयार होतं. फेडोराची कोजी ही बिल्ड व्यवस्था त्या प्रती ताडून पाहते आणि फाइलींची यादी किंवा डिपेंडन्सी (लागणारी इतर पॅकेजं) वेगळ्या निघाल्या तर बिल्ड नापास करते. डेबियनमध्ये ‘ऑल’ एकदाच तयार होतं, ताडायला दुसरी प्रतच नसते. म्हणून इथे ती तपासणी पॅकेज करणाऱ्यानेच बिल्डमध्ये घालायला हवी.

अपग्रेडचा भाग

नव्या यंत्रावर पॅकेज बसणं सोपं असतं. अभ्यासिकांमध्ये मात्र जुना कोश आधीच होता.

चित्रं जुन्या पॅकेजातही ‘/यूएसआर/शेअर/कोश’ मध्येच होती. आता तीच फाइल, त्याच ठिकाणी, ‘कोश-डेटा’ मधून येणार. डीपीकेजी अशा वेळी ती फाइल दुसऱ्या पॅकेजची आहे म्हणून नकार देतं, आणि ते बरोबरच आहे. नव्या पॅकेजात ‘ब्रेक्स’ आणि ‘रिप्लेसेस’ या दोन्ही नोंदी, विभागणीच्या आवृत्तीपेक्षा जुन्या कोशासाठी, घालाव्या लागल्या. नुसतं ‘रिप्लेसेस’ पुरत नाही. त्याने फाइल ताब्यात येते, पण जुना कोश आणि नवा डेटा एकत्र नांदू शकतात, आणि ती जोडी कुणी तपासलेली नसते.

दुसरी गोष्ट लालबागची. तिथल्या मुलांनी उच्चार वाजवणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती, ती थेट ‘/यूएसआर/लिब/कोश’ मधून ध्वनी घ्यायची. तिच्यासाठी जुन्या जागी नव्या जागेकडे नेणारी सिमलिंक ठेवायची ठरलं. पण जिथे आधी डिरेक्टरी आहे तिथे पॅकेजात सिमलिंक दिली तर डीपीकेजी डिरेक्टरी काढत नाही. ती तशीच राहते आणि सिमलिंक येतच नाही. कसलाही संदेश येत नाही. त्यासाठी डीपीकेजी-मेंटस्क्रिप्ट-हेल्परमध्ये डिरेक्टरीची सिमलिंक करणारा वेगळा आदेश आहे. तो वापरला, आणि लालबागमध्येच तो अडला. मुलांनी स्वतःच्या आवाजातले काही उच्चार त्या डिरेक्टरीत टाकले होते. पॅकेजच्या नसलेल्या फाइली दिसल्या की हा आदेश पुढे जायला नकार देतो. या नकारामुळे ती रेकॉर्डिंग्ज शाबूत राहिली. ती ‘/यूएसआर/लोकल/शेअर/कोश’ मध्ये हलवली आणि कोशाला तिथेही शोधायला शिकवलं. स्थानिक माणसांच्या भरीला हक्काची जागा हवी, हे पहिल्या दिवसापासून पॅकेजात असायला हवं होतं.

आवृत्त्या आणि दुसरी विभागणी

‘कोश’ आणि ‘कोश-डेटा’ एकाच आवृत्तीचे असावेत म्हणून डिपेंडन्सीत बायनरी-व्हर्जन हे चल वापरलं होतं. पुढे एका लायब्ररीसाठी पायवरचा कोश फक्त पुन्हा बिल्ड करावा लागला. अशा बिल्डच्या आवृत्तीला ‘+बी१’ अशी शेपटी लागते. ‘ऑल’ पॅकेज पुन्हा बिल्ड होत नाही, त्याला शेपटी नसते. कोश त्यामुळे अस्तित्वातच नसलेला डेटा मागू लागला आणि पॅकेजं उतरवणाऱ्या एपीटीने अपग्रेड रोखून धरलं. ‘एनी’ कडून ‘ऑल’ कडे जाणाऱ्या नेमक्या डिपेंडन्सीत सोर्स-व्हर्जन लिहावं लागतं.

यापेक्षा मोठी अडचण पुढे होती. दोन्ही पॅकेजं एकाच सोर्समधून येत, त्यामुळे प्रोग्रॅममधल्या एका ओळीच्या दुरुस्तीनेही डेटाची आवृत्ती वाढायची आणि हॉटस्पॉटवरून पुन्हा अर्धा जीबी उतरायचा. सर्व्हरवरच्या तीन प्रतींची एक झाली होती, पण अभ्यासिकेच्या दारात काहीच बदललं नव्हतं. डेबियनमधला झिरो ए.डी. हा खेळ पाहिला तर त्याचा डेटा स्वतंत्र सोर्स पॅकेज आहे. तोच रस्ता धरला. ध्वनी आणि चित्रं ‘कोश-ध्वनी’ या वेगळ्या सोर्समध्ये गेली, त्यांची आवृत्ती फक्त नवे उच्चार आले की वाढते, आणि कोश त्यांच्याकडे ‘इतकी किंवा त्यापुढची’ एवढंच मागतो. मजकूर आणि अनुक्रमणिका लहान असल्याने कोशाच्याच सोर्समध्ये, सोर्स-व्हर्जनने घट्ट बांधलेली राहिली. अनुक्रमणिका ध्वनीला आता फाइलीच्या नावाने ओळखते, म्हणून दोघांना एकत्र हलावं लागत नाही.

बिल्डलाही याचा फायदा झाला. मूळ रेकॉर्डिंग्जची ओपस करायला लागणारी साधनं फक्त ‘ऑल’ साठीच्या बिल्ड-डिपेंडन्सीत लिहिली, त्यामुळे ती पायवर बसवावी लागत नाहीत.

शेवटी नायगावचा एक संगणक राहिला होता. तिथे एका दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी ३२ बिटीच मिळणारा वाचन-आवाजाचा प्लगिन वापरतात, म्हणून एएमडी६४ यंत्रावर आय३८६ चा कोश हवा होता. मल्टिआर्च, म्हणजे एकाच यंत्रावर दोन आर्किटेक्चरची पॅकेजं बसवायची सोय, सुरू होतं, तरी एपीटी म्हणे ‘कोश-डेटा’ मिळत नाही. पॅकेज मात्र यंत्रावर बसलेलं दिसत होतं. ‘ऑल’ पॅकेज डिपेंडन्सीच्या हिशेबात यंत्राच्या मूळ आर्किटेक्चरचं धरलं जातं. दुसऱ्या आर्किटेक्चरच्या पॅकेजाची गरज ते भागवतं असं कुणीतरी स्पष्ट लिहावं लागतं, आणि ते लिहायचं ‘मल्टि-आर्च: फॉरेन’ असं. शुद्ध डेटाच्या पॅकेजात ही ओळ जवळजवळ नेहमीच योग्य असते. ‘कोश-डेटा’ आणि ‘कोश-ध्वनी’ दोन्हींत ती घातली आणि नायगावचा कोश बोलू लागला.

आता डेबियन १३ आलं आहे. त्यात आय३८६ साठी कर्नल आणि इन्स्टॉलर नाहीत, म्हणून ३२ बिटी डेस्कटॉप १२ वरच राहतील आणि बाकीचे पुढे जातील. ‘कोश’ दोन्हींसाठी वेगवेगळा बिल्ड करावा लागतो. ‘कोश-ध्वनी’ कुठल्याही लायब्ररीवर अवलंबून नाही, त्यामुळे १२ वर बिल्ड केलेली त्याची एकच डेब फाइल दोन्ही आवृत्त्यांच्या याद्यांत नोंदवलेली आहे.